चुलीखालची राख: नवी चूल तीन महिन्यांत धूर का करायला लागते?

(पॉडकास्टच्या या भागाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मंडणगडहून पुन्हा एकदा तुमच्या कानात. आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, म्हणून आधीच सांगून टाकतो. आज राखेबद्दल बोलायचंय. चुलीतल्या राखेबद्दल. आणि तीही नव्या चुलीतल्या. म्हणजे ती लोखंडी, जाळीवाली, "धूर कमी, लाकूड कमी" असं सांगून दिलेली असते ना, ती.

झालं काय, म्हाप्रळकडच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. वाडीत अशा चुली वाटल्या होत्या. पहिले दोन महिने झकास चालल्या. आता एवढा धूर करतात की त्यापेक्षा तीन दगड बरे. निम्म्या चुली पडवीत जाऊन पडल्यात, एकीत तर कोंबडी अंडी घालते म्हणे. ताईंचा प्रश्न साधा होता: ही चूल दुरुस्त कुठे करून मिळते? मी म्हटलं, आधी चुलीच्या खालच्या तोंडाचा फोटो पाठवा. फोटो आला. जाळीच्या खाली राख अशी दाबून भरलेली की वरच्या जाळीला टेकलेली. चूल बिघडलेली नव्हतीच, तिला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती.

माझं बाजारात मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, नेहमीच्या मंडळींना माहितीय. "चार्जच होत नाही" म्हणत गिऱ्हाईक येतं, आणि बॅटरी गेली असं घरूनच ठरवून येतं. फोन उलटा करून उजेडात बघितला तर चार्जिंगच्या भोकात खिशातले धागे आणि धूळ ठासून बसलेली. लाकडी काडीने हळूच कोरून काढली की फोन सुरू. चुलींचं बरंचसं दुखणं याच जातीचं आहे. फरक एवढाच की फोन बंद पडला तर माणूस त्याच दिवशी दुकान गाठतो. चूल धूर करायला लागली तर घरातली बाई डोळे पुसते आणि भाकरी थापत राहते.

आता कोणीतरी म्हणणारच, अरे पण गॅस आलाय की. आलाय. उज्ज्वला योजना १ मे २०१६ला सुरू झाली, त्यानंतर आमच्याकडे वाड्यावाड्यांत सिलिंडर दिसायला लागले. पण सिलिंडर घरात असणं वेगळं आणि सगळं त्यावर रांधणं वेगळं. चहा गॅसवर, अचानक पाहुणा आला तर पोहे गॅसवर. अंघोळीचं पाणी, तांदळाच्या भाकऱ्या, शिमग्याला आणि गणपतीला मुंबईकर आले की ती मोठाली टोपं, हे सगळं लाकडावर. आवारात काजूच्या फांद्या, चुडतं, सोडणं, करवंट्या फुकट पडलेल्या असताना पाणी तापवायला सिलिंडर जाळणं जिवावर येतं. वेळासला कासवांच्या दिवसांत घराघरात पाहुणे असतात. पहाटे किनाऱ्यावरून परत आले की सगळ्यांना एकाच वेळी गरम पाणी हवं. ते गॅसवर तापवत बसलं तर धंदाच नको! तेव्हा चूल आहे, आणि अजून बरीच वर्षं असणार आहे. मग ती धड चाललेली बरी.

ही नवी चूल चालते कशी, ते आधी बघू. आजोळी तांब्याचा बंब असेल तर तो आठवा. मधल्या नळीत जळण, तळाला जाळी, जाळीखाली मोकळी जागा. हवा त्या मोकळ्या जागेतून आत शिरते, जाळीतून वर जाते, जाळ नळीत उभा राहतो. नवी चूल याच घराण्यातली. लाकूड तापलं की त्यातून आधी वायू सुटतात, आणि आपल्याला दिसते ती ज्वाला म्हणजे ते वायू जळताना. हवा पुरली तर ते जळतात. नाही पुरली तर तेच न जळता धूर होऊन बाहेर पडतात. म्हणजे तुम्ही तोडून, फोडून, डोक्यावरून वाहून आणलेलं लाकूड टोपाखाली जळायच्या ऐवजी तुमच्याच डोळ्यांत जातं.

बरं, राख पडते तरी किती? चांगल्या वाळलेल्या, साल नसलेल्या लाकडाची राख वजनाच्या साधारण १ टक्का, कधी त्याहून कमी. सालीसकट फांद्या आणि पातेरा लावलात तर बरीच जास्त. भाताचं तूस म्हणजे तर कहरच, किलोमागे जवळपास २०० ग्रॅम राख. शेणीही त्याच पंगतीत बसणाऱ्या. आता धरा, घरात दिवसाला ५ किलो लाकूड जळतं. राख झाली ५० ग्रॅम. वजनाला काहीच नाही. पण राख भुसभुशीत असते, ५० ग्रॅम म्हणजे चहाचा कप भरला. त्यात अर्धवट जळलेले कोळसे पडतात ते वेगळेच. आणि जाळीखाली जागा किती, तर तीन-चार बोटं. आठवडाभर राख काढली नाही, मध्ये दोन दिवस शेणी लावल्या, की राख जाळीला भिडलीच म्हणून समजा.

भिडली की दोन गोष्टी होतात. धुराचं सांगितलंच. दुसरी गोष्ट खर्चाची आहे. खालून येणारी हवा जाळीला थंडही ठेवत असते. वर निखारे, खाली गरम राख, मध्ये हवा नाही, अशा अवस्थेत जाळी लाल होते, वाकते आणि एक दिवस मधोमध खचते. मग लोक म्हणतात, पत्रा हलका वापरलाय. कधीकधी वापरलेला असतोही, पण राखेत पुरून ठेवलेली जाडजूड जाळीसुद्धा लवकर जाते.

मग प्रश्न येतो की एवढी साधी गोष्ट लोक करत का नाहीत. "आळस" हे उत्तर मला पटत नाही. ज्या बाया पहाटे उठून चूल सारवतात त्यांना आळशी कोण म्हणेल? कारण दुसरंच आहे आणि ते मला आजीमुळे कळलं.

आजीच्या चुलीत राख हा कचरा नव्हता. राख चुलीची गादी होती. रात्री जेवणं झाली की ती निखारे मागे ओढायची, वर राख पसरायची, हाताने थापल्यासारखी. सकाळी राख बाजूला केली की आत लालबुंद विस्तव. दोन काटक्या, जरा फुंकणी, की जाळ. काडेपेटी वाचते. शेजारीण शेणीवर विस्तव मागून न्यायची. असं आयुष्य गेलेल्या बाईला तुम्ही नवी चूल देता आणि सांगता की राख रोज काढ. घरी नवी चूल आली तेव्हा मी हेच सांगितलं, तर आजी म्हणाली, "अरे बाबा, राख काढलीस तर इस्तव ठेवू कशात?" तिचा प्रश्न बरोबर होता. जुन्या चुलीत हवा समोरून आणि बाजूंनी येते, जमीन बंदच असते, त्यामुळे राखेचा थर तिथे कामाचा. नव्या चुलीत हवा येते खालून. जी राख तिथे विस्तव सांभाळते तीच इथे जाळाचा गळा धरते. चूल बदलली, हात तोच राहिला. आणि चूल वाटणाऱ्यांनी हा फरक समजावून दिला नाही. चुलीबरोबर आमच्याकडे आलेला कागद हिंदी आणि इंग्रजीत होता, आजीने तो फडताळात अंथरला.

हे फक्त आमच्या वाडीचं रडगाणं नाही. केंद्र सरकारने १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२मध्ये तो थांबवला तोपर्यंत देशभरात ३ कोटींहून जास्त चुली बसल्या होत्या. तुमच्या गावात जुन्या घरांतून सिमेंटच्या धुराड्याचा तुकडा भिंतीतून डोकावताना दिसतो का बघा. पुढे ओडिशात अशाच धुराड्याच्या चुलींवर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला: रेमा हॅना, मायकेल ग्रीनस्टोन आणि एस्थर डुफ्लो. डुफ्लो म्हणजे २०१९ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या. त्यांनी चार वर्षांपर्यंत घरांचा माग ठेवला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या फुफ्फुसात जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फायदा दिसेनासा झाला, कारण चुलींची देखभाल होत नव्हती आणि हळूहळू लोक त्या वापरेनासे झाले. २०१२ला हा अभ्यास बाहेर आला. मी तो वाचला तेव्हा मला पडवीतली कोंबडी आठवली. चुलींचे आकडे मोजले गेले, पण राख कोण, कधी, कशाने काढणार हे कुणाच्या कामात धरलेलंच नव्हतं.

आता मुद्द्याचं काम. आणि यासाठी फोन लागेल, म्हणजे तुमचा आवडता भाग.

सकाळी चूल पूर्ण थंड असताना फोनचा टॉर्च लावा आणि खालच्या तोंडात, जाळीच्या खाली धरा. मग वरून चुलीत डोकवा. जाळीच्या भोकांतून उजेड दिसला तर हवा जाणार. निम्मी भोकं अंधारी दिसली तर राख काढायची वेळ होऊन गेली. खाली फोन आत सरकवायलाच जागा नसेल तर मग बघायलाही नको. टॉर्च नको असेल तर आजीची खूण आहे: फुंकणी. चूल पेटताना एकदा फुंकर लागणं ठीक. पण जाळ धरल्यावरही परत परत फुंकणी हातात घ्यावी लागत असेल तर खालून हवा येत नाहीये, ती तुम्ही तोंडाने पुरवताय.

राख काढायची ती पेटवण्याआधी, थंड असताना. रात्री जेवणं झाल्यावर लगेच नाही, त्याचं कारण पुढे येईल. खालच्या तोंडाच्या रुंदीएवढा पत्र्याचा तुकडा घ्या, एक टोक काटकोनात वाकवा, झालं राख ओढायचं हत्यार. खुरपं आत जात नाही आणि गेलं तरी कोपऱ्यातली राख तशीच राहते. मग सळईने जाळीचं एकेक भोक खालून टोचायचं. इथे एक खास आपल्याकडची अडचण सांगतो. आंब्याच्या जुन्या खोक्यांची फळकुटं आपण सर्रास जाळतो. त्यांचे खिळे जाळीत आडवे अडकतात आणि त्यांच्याभोवती कोळसा धरतो. दुकानात फुटक्या स्पीकरचं चुंबक पडलेलं होतं, मी ते सळईला बांधलं. राखेतून एकदा फिरवलं की मूठभर खिळे निघतात. तूस किंवा पेंढा जाळत असाल तर जाळीवर काचेसारखे खडे सापडतील. तुसात वाळूसारखा सिलिका असतो, पोटॅशच्या संगतीने तो कडक जाळात वितळून गोळा होतो. ते खडे फोडूनच काढावे लागतात.

चुलीत पाणी मात्र ओतू नका. आतून मातीचं किंवा सिरॅमिकचं अस्तर असेल तर गरम असताना ते तडकतं, आणि ओली राख पत्रा खाते. धूळ उडते म्हणून पाणी शिंपडायचंच असेल तर राख बाहेर घमेल्यात काढल्यावर शिंपडा. नाकाला फडकं बांधा, ही धूळ छातीला चांगली नाही.

पंख्याची चूल असेल तर ती उलटी करून झटकायची नाही, बारीक राख पंख्यात जाते आणि मग दुकानात माझ्याकडे येते. आतल्या बाजूची हवेची बारीक भोकं जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करायची. दोन तोंडांची धुराड्याची चूल असेल तर पुढच्या तोंडाखालची राख सगळे काढतात, पण पहिल्या आणि दुसऱ्या तोंडाच्या मधल्या बोगद्यात राख उडून साचते, तिथे कोणाचा हात जात नाही. दुसऱ्या टोपातलं पाणी तापेनासं झालं की तो बोगदा बघा. धुराड्यात राख कमी, काजळी जास्त. तिला दोरीला सोडण बांधून वरखाली करावं लागतं.

आणखी एक प्रकार आहे. फलटण-पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी उभी केलेली संस्था, 'संपदा' नावाची चूल तयार केली. त्यात जळण वरून पेटवतात, वायू जळून जातात आणि शेवटी डब्यात राखेऐवजी कोळसा उरतो. तो कोळसा वेळेत बाहेर काढून झाकून विझवला तर कामाला येतो, विसरलात तर तोही जळून राख. तिथे गरम डबाच रिकामा करायचा असतो, त्यामुळे लहान मुलं आसपास नकोत.

यूट्यूबवर तुम्हाला परदेशी लोकांचे व्हिडिओ दिसतील. काचेच्या दाराची सुंदर शेगडी, बाहेर बर्फ, आणि तो माणूस सांगतो की राख सगळी काढू नका, इंचभर थर ठेवा, लाकूड त्यावर छान जळतं. तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या शेगडीला खाली जाळी नाही, हवा वरून येते, त्यामुळे राखेचा थर निखारे उबदार ठेवतो. म्हणजे बघा, त्याची महागडी शेगडी राखेच्या बाबतीत आजीच्या चुलीची बहीण आहे! तुमची जाळीची चूल नाही. सल्ला ऐकायच्या आधी हवा कुठून शिरते ते बघा, एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता ते रात्रीचं कारण. आजी राखेत विस्तव सकाळपर्यंत जिवंत ठेवायची ना? मग तुम्ही संध्याकाळी चुलीतून काढून बादलीत भरलेल्या राखेत काय असेल? वरून राखाडी, हाताला कोमट, आणि आत निखारा. ढिगात तो दोन-तीन दिवससुद्धा टिकतो. प्लॅस्टिकच्या बादलीत, गोठ्याच्या कडेला, पेंढ्याच्या उडवीजवळ, काजूच्या बुंध्यात अशी राख टाकायची आणि निजायचं, हा जीवघेणा खेळ आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्याकडे गवत कसं वाळलेलं असतं माहितीय. दुपारी वारा सुटला की एक निखारा पुरतो. वणव्यात गेलेली कलमं परत उभी करायला किती वर्षं लागतात हे बागायतदाराला विचारा. तेव्हा राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात काढायची, डबा उघड्यावर दगडावर ठेवायचा, आणि दोन-तीन दिवसांनीच रिकामा करायचा. आणि थंडीत ऊब म्हणून निखाऱ्यांचं घमेलं बंद खोलीत घेऊन झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला ना वास ना रंग, झोपलेला माणूस उठतच नाही.

या राखेचं करायचं काय, तर आपल्याकडे ती वाया जात नव्हतीच. भांडी घासायला, बुळबुळीत मासे धरून साफ करायला, वाल-कुळीथ साठवताना किडे लागू नयेत म्हणून. शेतातही ती जाते. आपली जांभ्याची माती आंबट, म्हणजे आम्ल. राखेत चुना आणि पोटॅश असतो, त्यामुळे माडाच्या आळ्यात ती टाकायची पद्धत बरोबरच आहे. पण फुकट आहे म्हणून घमेलीच्या घमेली एकाच झाडाला नको, जोरदार क्षार आहे तो. रोपाच्या देठाला लागेल अशी तर नकोच. युरियाबरोबर मिसळून टाकलीत तर युरियातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो, पैसे हवेत. आणि प्लायवूड, रंगवलेली दारं, प्लॅस्टिक जाळलं असेल तर ती राख ना भांड्यांना ना भाजीला. त्या रंगात शिसं असू शकतं, आणि ते जळून नाहीसं होत नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या मुलखात राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंडाला चिकटून बसते. गणपतीला मोठी चूल बाहेर काढाल तेव्हा तळ हातात येईल. अगोटीच्या कामांत लाकडं माळ्यावर चढवता, तेव्हाच न वापरायच्या चुलीतली राख कोपऱ्यासकट काढून, कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. बाणकोट-वेळासच्या मंडळींनी समुद्रातून वाहून आलेलं लाकूड या चुलीत लावू नये, त्यातलं मीठ पत्रा आणखी लवकर खातं आणि धूरही वाईट असतो.

आमच्या घरी हे काम आता माझ्याकडे आहे. आई पहाटे उठते, पाणी भरते, भाकऱ्या करते. राख काढणं हे अकरावं काम तिच्या यादीत घालण्यात अर्थ नव्हता. दुकान उघडायच्या आधी पाच मिनिटं, दर दोन दिवसांनी. सळईला चुंबक बांधलेलं आहेच. आजी अजून अधूनमधून विस्तव राखेत पुरते, पण न्हाणीच्या बाहेरच्या जुन्या चुलीत. तिथे तिला कोणी अडवत नाही.

तर टॉर्च लावा, चुलीचा खालून आणि वरून असे दोन फोटो काढा आणि नेहमीच्या नंबरवर पाठवा. जाळी खचलेली असेल तर मापं पण लिहा. बंबाच्या नळीत क्षार का धरतो असं वेसवीच्या एका दादांनी विचारलंय, ते पुढच्या भागात. चला, भेटू.